बाई, उद्या पण खेळ हाय का?

गेल्या अंकात सापशिडीवर चार ओळी लिहिल्या आणि पत्रांची रास पडली. बहुतेक जिल्हा परिषद शाळांतल्या शिक्षकांची, काही आयांची, एक आजोबांचं. सगळ्यांना इथे उत्तर देणं जमणार नाही, म्हणून वर्गात खेळातून शिकवण्याबद्दलची पाच पत्रं घेतली आहेत. मी सातारा जिल्ह्याच्या पूर्व भागात, दुष्काळी पट्ट्यात ३१ वर्षं शिकवलं, त्यातली २२ वर्षं पहिली ते चौथीला. जे सांगते आहे ते तिथे करून पाहिलेलं आहे.

प्रश्न : बाई, नमस्कार. आमची शाळा द्विशिक्षकी. माझ्याकडे तिसरी-चौथी, पट ३४. प्रशिक्षणाहून आल्यापासून मी गणित खेळातून घेते. मुलं गोलात बसून चेंडू फिरवतात, मोबाईलवरचं गाणं थांबलं की ज्याच्या हातात चेंडू असेल त्यानं डब्यातली चिठ्ठी काढून त्यावरचं गणित फळ्यावर सोडवायचं. मुलं खूश आहेत. पण आकारिक चाचणीत हातच्याची वजाबाकी गेल्या वर्षीइतकीच चुकली. शेजारच्या वर्गातले सर म्हणतात, "खेळ पुरे झाले, आता फळ्याकडे वळा." बंद करू का?
— एक शिक्षिका, सोलापूर जिल्हा

उत्तर : बंद करू नका. फक्त हा खेळ बदला.

उद्या एकदा कडेला उभ्या राहून मुलांचे हात बघा. चेंडू आला की विस्तव आल्यासारखा ती तो पुढे ढकलतात. कारण चेंडू हातात राहिला तर गणित करावं लागतं. म्हणजे तुमच्या नकळत त्या खेळात गणित ही शिक्षा होऊन बसली आहे. दुसरं असं की ३४ मुलांतलं एक मूल सोडवतं आणि ३३ मुलं बघत बसतात. एका तासिकेत १२ गणितं झाली तर २२ मुलांच्या वाट्याला एकही येत नाही. चाचणीत तेच दिसलं.

मी प्रत्येक खेळाला एक कसोटी लावते. खेळातून विषय काढून घेतला तर खेळ तसाच चालू राहतो का? तुमच्या चिठ्ठीवर गणिताऐवजी 'बेडूकउडी मार' लिहिलं तरी तो खेळ तितकाच रंगेल. म्हणजे मजा चेंडूत आहे, गणित बाहेरून चिकटवलेलं आहे. शिकायची गोष्ट खेळाच्या नियमात असली पाहिजे. ती केल्याशिवाय डावच पुढे सरकू नये.

वजाबाकीसाठी माझ्या वर्गात 'मोड दे' नावाचा खेळ होता. साहित्याला पैसे लागत नाहीत. एक रुपयासाठी चिंचोके. दहाच्या नोटेसाठी जुन्या लग्नपत्रिकांचे तुकडे, शंभरासाठी त्याच पत्रिकांचे पण वेगळ्या रंगाचे मोठे तुकडे. प्रत्येक गटाला दोन फासे. तुमच्याकडे चौघांचे सहा गट आणि पाचजणांचे दोन होतील. गटातला एकजण सावकार, सगळा गल्ला त्याच्याकडे. बाकीच्यांना प्रत्येकी शंभराची एकच नोट. फासे टाकायचे, जितके पडतील तितके रुपये सावकाराला द्यायचे. ज्याचे पैसे आधी संपतील तो जिंकला.

पहिल्याच फेरीत अडतं. नऊ पडले, हातात शंभराची सबंध नोट. पोरगं सावकाराला म्हणतं, मोड दे. सावकार दहाच्या दहा नोटा देतो. तरी नऊ देता येत नाहीत, म्हणून त्यातली एक दहाची पुन्हा मोडायची, दहा चिंचोके घ्यायचे, नऊ द्यायचे. उरले नव्वद आणि एक. हे तुम्ही शिकवायचं नाही. दोन डावांत मुलं एकमेकांना सांगू लागतात, "आधी शंभराची मोड, मग दहाची."

आता ३०५ मधून १७८ वजा करायला द्या. मुलांना रडवणारं गणित हेच, मधे शून्य असलेलं. तीन शंभराच्या नोटा आणि पाच चिंचोके घेऊन त्यांना जमिनीवर बसवा. आठ द्यायचेत, हातात पाच. दहाची नोट एकही नाही. मग शंभराची मोडणं आलं : शंभराच्या तीन नोटांतल्या राहिल्या दोन, दहाच्या झाल्या दहा, त्यातली एक पुन्हा मोडली, राहिल्या नऊ आणि चिंचोके झाले पंधरा. १२७ उरतात. कागदावर शून्याचे नऊ का होतात, हे मी फळ्यावर वर्षानुवर्षं सांगत होते. मुलांना ते जमिनीवर बसल्यावर कळलं.

आणखी एक, शब्दाबद्दल. आपण 'उसना घेतला' असं शिकवतो. माझ्या वर्गातल्या एका मुलीनं विचारलं होतं, "बाई, परत कधी द्यायचा?" तिचं बरोबर होतं. उसनं घेतलेलं परत द्यायचं असतं, असंच तिच्या घरी चालत होतं. त्या दिवसापासून मी 'मोडला' म्हणू लागले. किराणा दुकानात मुलं रोज मोड घेतात, तो शब्द त्यांचा आहे.

ज्यांची वजाबाकी चुकते त्यांना सावकार करा, हवं तर दोघांना मिळून. प्रत्येक खेळाडू त्याच्याकडे मोड मागतो, म्हणजे सगळ्यात जास्त सराव त्याचा होतो, आणि मानही त्याचाच. चार दिवस नुसतं खेळू द्या. पाचव्या दिवसापासून प्रत्येक फेरी वहीत मांडायला लावा : होते किती, दिले किती, उरले किती. आणि खेळ संपला की शेवटची दहा मिनिटं फासे गोळा करून सगळ्यांनी शांत बसायचं, वहीत तीन गणितं सोडवायची, चिंचोके न घेता. ही दहा मिनिटं मी कधी सोडली नाहीत. खेळात हाताला कळलेलं कागदावर उतरायला वेळ द्यावा लागतो. तो दिला नाही तर सरांचं म्हणणं खरं ठरतं.

सरांबद्दल. आठ गट एकदम खेळले की आवाज होणारच, आणि शेजारी त्यांचा वर्ग चालू असतो, तेव्हा त्यांचा त्रास खरा आहे. शक्य असेल तर व्हरांड्यात किंवा झाडाखाली खेळा. त्यांना एक दिवस सावकार म्हणून बोलवा. तिसरीपासून खेळ संपला असं त्यांचं मत असेल तर त्यालाही उत्तर आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात वय ३ ते ८ च्या टप्प्यासाठी खेळातून शिकण्यावर भर आहे, आणि तिसरी ते पाचवीच्या टप्प्यानं खेळ, शोध आणि कृती यांच्याच आधारावर पुढे जायचं, असंही त्यातच म्हटलं आहे. पण कागद पुढे करण्यापेक्षा दोन महिन्यांनी त्यांना तुमच्या मुलांच्या वह्या दाखवा.

प्रश्न : मुलगा पहिलीत आहे. शाळा सुरू होऊन दोन महिने झाले, वही जवळजवळ कोरी. आज काय शिकवलं विचारलं की म्हणतो, "खेळलो." शेजारची त्याच्याच वयाची मुलगी १०० पर्यंत अंक लिहिते. मी शाळेत जाऊन बोलू का?
— एक आई, कोल्हापूर

उत्तर : ताई, 'काय शिकवलं' असं विचारू नका, पहिलीतल्या मुलाला ते सांगता येत नाही. 'काय खेळलात, मला शिकव' असं म्हणा आणि त्याच्यासमोर मांडी घालून बसा. तो नियम सांगेल, तुमची चूक पकडेल. पाच मिनिटांत तुम्हाला कळेल वर्गात काय चाललं आहे.

शेजारच्या मुलीचं कौतुक करा, आणि मग तिला सहज सांगून बघा : एकोणचाळीस लिही. क्रमानं लिहिणारी पुष्कळ मुलं इथे थांबतात, आणि दोष त्यांचा नाही. आपल्या मराठीत 'तेवीस' म्हणताना तीन आधी ऐकू येतो आणि लिहिताना दोन आधी लिहावा लागतो. 'एकोणचाळीस' म्हणताना चाळीस ऐकू येतं आणि लिहायचे असतात तीन आणि नऊ. २०१९ साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'तेवीस'च्या जोडीला 'वीस तीन' असं वाचन आलं तेव्हा केवढा वाद झाला, आठवत असेल. भाषा बिघडवली म्हणून लोक रागावले. मला तेव्हाही वाटलं होतं आणि आजही वाटतं की ज्यांनी ते सुचवलं त्यांनी सहा-सात वर्षांच्या मुलाची अडचण नीट पाहिली होती. तेवीस म्हणायला यायलाच हवं, पण तिथे पोचायला पायरी लागते.

घरी एक करा. शंभर मण्यांची माळ ओवा, दहा लाल, दहा पांढरे, पुन्हा दहा लाल, अशी. ती दोन खिळ्यांना ताणून बांधा. कपड्यांचा चिमटा मुलाच्या हातात द्या. तुम्ही म्हणा एकोणचाळीस, त्यानं त्या मण्यानंतर चिमटा लावायचा. आधी तो एकेक मणी मोजेल. मोजू द्या, घाई करू नका. काही दिवसांनी तो चाळीसपर्यंत रंगांवरून उडी मारेल आणि एक मणी मागे येईल. 'एकोण' म्हणजे एक उणा, हे त्याचं त्याला सापडेल. मग पाळी बदला, तो सांगेल आणि तुम्ही चिमटा लावा, मधूनच मुद्दाम चुका.

हे काही नवं खूळ नाही, ताई. गिजुभाई बधेका यांनी १९२० साली भावनगरला बालमंदिर काढलं. त्यांच्याबरोबर काम केलेल्या ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डीला, अनुताई वाघांना सोबत घेऊन, खेड्यातल्या मुलांसाठी काम सुरू केलं. पुढे १९५७ साली ते कोसबाडच्या टेकडीवर गेलं. महागडं साधन परवडणार नव्हतं, म्हणून शिंपले, बिया, पानं, काड्या हेच त्यांचं साहित्य झालं. मुलं शाळेत येईनात तर शाळा त्यांच्या अंगणात भरवली, आज आपण रोज म्हणतो तो 'अंगणवाडी' शब्द तिथला. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली. मी नोकरीच्या सुरुवातीला एकदा कोसबाडला जाऊन आले, आणि परतताना एस.टी.च्या खिडकीतून रस्त्याकडेचे दगड मला मोजायच्या साहित्यासारखे दिसत होते.

शाळेत जाऊन बोलाच, पण भांडायला नको. 'खेळ झाल्यावर मुलं काय करतात?' एवढं विचारा. बाईंकडे या प्रश्नाचं उत्तर असेल तर निश्चिंत राहा. दिवाळीपर्यंत दोन-तीन अक्षरी सोपे शब्द त्याला वाचता आले नाहीत, तर मात्र पुन्हा जा आणि आग्रह धरा.

प्रश्न : खेळात जिंकणाऱ्या मुलाला मी चॉकलेट देतो. चालेल ना?
— एक शिक्षक, जालना जिल्हा

उत्तर : सर, देऊ नका. दोन आठवड्यांनी मुलं विचारतात, आज चॉकलेट आहे का, आणि नसेल तर खेळायला मागत नाहीत. जिंकणारी मुलं नेहमी तीच चार असतात, तेही बघा. काही द्यायचंच असेल तर पुढच्या डावाचा नियम ठरवायचा हक्क द्या.

प्रश्न : मी सहावी-सातवीला मराठी आणि गणित शिकवते. मोठ्या मुलांना खेळ पोरकट वाटतो, आणि अभ्यासक्रम पुरा करायचा ताणही असतो. या वर्गांना खेळ चालतो का?
— एक शिक्षिका, रत्नागिरी जिल्हा

उत्तर : चालतो, पण तो त्यांच्या डोक्याला आव्हान देणारा हवा. दोन सांगते.

पहिला तळ्यात-मळ्यात. खडूनं रेघ मारा, अलीकडे मळा, पलीकडे तळं. मूळ शब्दातलं शेवटून दुसरं अक्षर दीर्घ असेल तर मळ्यात, ऱ्हस्व असेल तर तळ्यात. तुम्ही म्हणा 'गरीब', मुलं मळ्यात. 'गरिबाला' म्हणा, मुलं तळ्यात. 'जमीन' मळ्यात, 'जमिनीत' तळ्यात. 'फूल', 'फुलाला'. 'बहीण', 'बहिणीला'. प्रत्यय लागला की उडी, हा ठेका अंगात भिनला की हळूच म्हणा 'शरीर', आणि मग 'शरीराला'. अर्धा वर्ग तळ्यात पडतो. कारण 'शरीर' संस्कृतातून जसाच्या तसा आलेला शब्द, त्याचा 'री' दीर्घच राहतो. तळ्यात उभं राहून 'असं का, बाई?' म्हणणाऱ्या मुलांना तो नियम सांगायला जो एक क्षण मिळतो, तो व्याकरणाच्या तासाला कधी मिळत नाही. आपल्या बोलण्यात ऱ्हस्व-दीर्घ फारसं ऐकू येत नाही, म्हणून नुसतं ऐकून लेखन सुधारत नाही. नियम पायाला कळावा लागतो. दोन काळज्या घ्या. मुलं शेजाऱ्याचं बघून उडी मारतात, तेव्हा डोळे मिटायला लावा आणि टाळी वाजली की उडी. आणि चुकलेल्याला बाहेर बसवू नका, पुढचा शब्द त्यानं सांगायचा. ज्याला सराव हवा आहे त्यालाच बाहेर बसवणारे खेळ वर्गात कामाचे नाहीत.

दुसरा खेळ घोड्यांचा. फरशीवर पाच उभे रस्ते आखा, त्यांना ०, १, २, ३, ४ असे क्रमांक. प्रत्येक रस्त्यावर एक खडा, तो घोडा. रस्त्याला दहा घरं. मुलांनी आधी आपापला घोडा निवडायचा. मग चार नाणी एकदम उडवायची. जितके छापे पडतील त्या क्रमांकाचा घोडा एक घर पुढे. पहिल्या डावात घोडे मनाला येतील तसे निवडले जातात, चार नंबर मोठा म्हणून त्याला मागणी असते. चार नंबर बहुतेक वेळा सुरुवातीलाच रेंगाळतो. दुसऱ्या-तिसऱ्या डावाला सगळ्यांना दोन नंबरच हवा असतो आणि भांडण लागतं. ते भांडण फार मोलाचं आहे. तिथे थांबून विचारा, दोनच का पळतो? ताळ्याच्या खुणा करून शंभर वेळा नाणी उडवू द्या. मग चार नाणी किती प्रकारे पडू शकतात ते लिहून काढू द्या : एकूण १६ प्रकार, त्यातले दोन छाप्यांचे ६, एकाचे आणि तिनाचे ४-४, शून्याचा आणि चाराचा एकेकच. वेळ एक तासिका, फार तर दोन. संभाव्यता त्यांना पुढच्या इयत्तांत भेटेल तेव्हा घोडे आठवतील.

आणि विटीदांडू खेळणारी मुलं अजून असतील तर त्यांना मोजणी विचारा : वकट, लेंड, मूंड, नाल... हे काय शब्द आहेत हे मुलांना माहीत नसतं. मग फळ्यावर तेलुगू आकडे लिहा : ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु. शेजारची भाषा आपल्या मैदानात खेळत होती, हे कळल्यावर सातवीची मुलं काय काय विचारू लागतात ते बघा.

प्रश्न : माझा नातू चौथीत आहे. अभ्यासाला बरा आहे. पण वर्गात गटांचा खेळ असला की सकाळपासून पोटात दुखतं म्हणतो. आम्हाला वाटलं होतं खेळ असला की मुलं शाळेत आनंदानं जातात.
— एक आजोबा, नाशिक

उत्तर : आजोबा, त्याचं पोट खरंच दुखत असणार. तुम्ही त्याच्या बाईंना नक्की सांगा, कारण खेळ रंगलेला असतो तेव्हा हे शिक्षकाला दिसत नाही. मलाही दिसलं नव्हतं.

१९९६ सालची गोष्ट. माझ्याकडे चौथी होती. पाढ्यांची शर्यत मी मोठ्या हौसेनं बसवली होती. दोन गट, एकेकानं पुढे यायचं, मी विचारायचं, त्यानं सांगायचं. अटीतटीची शर्यत झाली. शेवटी एक मुलगा आला. मी विचारलं, सात आठे? तो उभा राहिला. त्याला येत होतं, आदल्या दिवशी त्यानं मला म्हणून दाखवलं होतं. पण मागून तीस पोरं ओरडत होती आणि मीही हातातल्या घड्याळाकडे बघत होते. वेळ संपला. दुसरा गट नाचायला लागला. मधल्या सुट्टीत त्याच्या गटातल्या कुणी त्याला डबा खायला जवळ घेतलं नाही. हे मला नंतर कळलं.

तो चार दिवस शाळेत आला नाही. पाचव्या दिवशी संध्याकाळी मी त्याच्या वस्तीवर गेले. आईनं हाक मारली, तो गोठ्यामागून आला, लांब उभा राहिला. मी 'कसा आहेस, का आला नाहीस' असलं काही विचारायच्या आधी त्यानंच विचारलं, "बाई, उद्या पण खेळ हाय का?"

इतकी वर्षं मुलांच्या तोंडून हा प्रश्न मी ऐकला तो आनंदानं विचारलेला. त्या दिवशी पहिल्यांदा भीतीनं विचारलेला ऐकला.

मी म्हटलं, खेळ आहे, पण गट नाहीत. रात्री बसून नियम बदलला. सगळा वर्ग मिळून एक गट. मी विचारत जायचं, रांगेनं उत्तरं द्यायची, अडलं तर शेजाऱ्याला विचारायची मोकळीक. तीन मिनिटांत किती उत्तरं झाली तो आकडा फळ्याच्या कोपऱ्यात लिहायचा आणि पुसायचा नाही. दुसऱ्या दिवशी त्या आकड्याच्या पुढे जायचं. तुमच्या नातवाच्या बाईंना हा बदल सुचवून बघा, साहित्य काहीच लागत नाही.

तो आला, रांगेत शेवटी उभा राहिला. पहिल्या दिवशी ४१ उत्तरं झाली, दुसऱ्या दिवशी ४४. आठवड्यानं पुन्हा सात आठे त्याच्याच वाट्याला आलं. तो थांबला. शेजारच्यानं, त्याच हरलेल्या गटातल्या मुलानं, तोंडावर हात धरून 'छप्पन्न' सांगितलं. मला ऐकू आलं. मी पुढच्या मुलाकडे वळले.